रेसची गाडी मागे जोडून निघताना: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी वॉटकिन्स ग्लेनच्या (न्यूयॉर्क राज्यातला रेसट्रॅक) वीकेंडबद्दल लिहिलं होतं, तेव्हा वाटलं होतं लोक टायर विचारतील, लॅप टाइम विचारतील, पण आलेल्या पत्रांपैकी जवळजवळ सगळी ट्रेलरबद्दलच आहेत. लायसन्स कुठलं लागतं, वजनकाट्यावर जायचं का, पोलिसाने थांबवलं तर काय बोलायचं. खरं तर बरं वाटलं, कारण आपल्या मराठी मंडळींत एससीसीए (स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका) किंवा नासाच्या क्लब रेसिंगमध्ये (ही नासा म्हणजे नॅशनल ऑटो स्पोर्ट असोसिएशन, अंतराळवाली नाही) उतरणारे आता बरेच दिसतात आणि ट्रॅकवर हेल्मेट, हार्नेस, अग्निशामक सगळं तपासून घेणारा माणूस घरून निघताना ट्रेलरच्या पाटीवर काय लिहिलंय ते वाचतच नाही. मी वकील नाही, मिशिगनमध्ये राहतो, २००९ पासून स्वतःची मियाटा (माझदाची छोटी दोन सीटची गाडी) स्वतःच्या ट्रेलरवर घालून फिरतोय, तेवढ्या अनुभवावर आणि नियम स्वतः बसून वाचल्यावर हे लिहितोय.

प्रश्न: दादा, मी २४ फुटी बंद ट्रेलर घेतला, ओढायला एक टनी ड्युअली (मागे दोन्ही बाजूंना जोडचाकं असलेला) पिकअप आहे. ट्रॅकवरचा एक जण म्हणाला तुला सीडीएल (कमर्शियल ड्रायव्हिंग लायसन्स) लागेल, दुसरा म्हणाला हौशी लोकांना काहीच लागत नाही. खरं कोण बोलतंय? (एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी)

दोघंही अर्धं अर्धं खरं बोलतायत, म्हणून तर इतका घोळ होतो.

आधी दोन आकडे पाठ कर, १०,००१ आणि २६,००१, दोन्ही पौंडात. ट्रक आणि ट्रेलर मिळून १०,००१ किंवा जास्त भरलं आणि तू धंद्यासाठी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात चाललायस, तर केंद्राच्या नियमात ती कमर्शियल गाडी झाली, मग डीओटी नंबर (केंद्राच्या वाहतूक खात्याकडची नोंदणी), मेडिकल कार्ड (ड्रायव्हर तंदुरुस्त असल्याचा दाखला), लॉगबुक (किती तास चालवलं त्याची नोंद) हे सगळं मागे लागतं. आणि जोडी २६,००१ किंवा वर गेली आणि त्यात ट्रेलर एकटा १०,००० च्या वरचा असेल, तर कमर्शियल कामासाठी क्लास ए सीडीएल लागतं.

आता हे वजन म्हणजे कुठलं वजन, इथे निम्मे लोक चुकतात. काट्यावरचं वजन नव्हे फक्त, पाटीवरचं. ट्रकच्या ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतो, त्यावर जीव्हीडब्ल्यूआर लिहिलेलं असतं, म्हणजे ही गाडी मालासकट जास्तीत जास्त किती वजनाची व्हावी असं कंपनीने ठरवलेलं. ट्रेलरलाही तशीच पाटी असते, बहुतेक वेळा पुढच्या डाव्या बाजूला. तुझ्या ड्युअलीच्या चौकटीवर १४,००० असेल आणि ट्रेलरला सात सात हजाराचे दोन ॲक्सल असले तर त्याच्या पाटीवर १४,०००, बेरीज झाली २८,०००. तुझा ट्रक प्रत्यक्षात साडेआठ हजार, रिकामा ट्रेलर साडेचार, गाडी अडीच आणि टूल, टायर, जनरेटर मिळून दीड, म्हणजे सगळं मिळून १७,००० भरत असेल, तरी लायसन्सच्या हिशोबात तू २८,००० चाच आहेस. "ट्रेलर रिकामाच होता हो" हे सांगून काही उपयोग होत नाही. उलट पाटीपेक्षा काट्यावर जास्त भरलं तर जास्तीचा आकडा धरतात. आणि जाहिरातीत ट्रक कंपनी जो ओढायचा आकडा छापते, तीस हजार ओढतो, पस्तीस हजार ओढतो, त्याचा या बेरजेशी संबंध नाही.

म्हणूनच ट्रेलरच्या दुकानात तुला ९,९९० ची पाटी लावलेले ट्रेलर दिसतील. दहा पौंड कशाला कमी केले असं मला पहिल्यांदा वाटलं होतं, तर ते याचसाठी, ट्रेलर १०,००० च्या आत ठेवायचा. तुझं खरेदीचं अजून ठरायचं असतं तर मी म्हणालो असतो एका गाडीला ९,९९० चा पुष्कळ झाला, फक्त त्यात खरोखर तेवढंच भर, कारण पाटी कमी आणि माल जास्त हे दोन्हीकडून अंगाशी येतं.

आता सूट. केंद्राच्या नियमात ३९०.३ मध्ये एक ओळ आहे, तिचा अर्थ असा की एखादी व्यक्ती अधूनमधून स्वतःची खाजगी मालमत्ता वाहून नेत असेल, त्याचे पैसे घेत नसेल आणि ते कुठल्या धंद्यासाठी नसेल, तर मोटर कॅरियरचे (माल वाहणाऱ्या ट्रकवाल्यांचे) हे नियम तिला लागू नाहीत. यातला प्रत्येक शब्द महत्त्वाचा. अधूनमधून, व्यक्ती, स्वतःची, पैसे नाही, धंदा नाही. तू वीकेंडला मिलव्हिलला न्यू जर्सी मोटरस्पोर्ट्स पार्कला किंवा लाइम रॉकच्या ट्रॅकला जाऊन येणार असशील तर तू या सवलतीत बसतोस, डीओटी नंबर नको, लॉगबुक नको, केंद्राच्या नियमाने सीडीएलही नको.

पण (आणि हा पण मोठा आहे) ड्रायव्हिंग लायसन्स राज्य देतं. काही राज्यं म्हणतात कमर्शियल नसलं तरी २६,००१ च्या वरची जोडी चालवायला साध्या लायसन्सवर चालणार नाही, वेगळा बिगर कमर्शियल क्लास ए घ्या. टेक्सासमध्ये असा क्लास आहे. तेव्हा तुझ्या राज्याच्या मोटर व्हेइकल ऑफिसला ट्रकचा आकडा, ट्रेलरचा आकडा आणि "खाजगी वापर" हे तिन्ही लिहून ईमेल कर आणि उत्तर लेखी घे. काउंटरवरचं तोंडी उत्तर रात्री अकरा वाजता हायवेच्या कडेला कामाला येत नाही.

प्रश्न: मी ड्रॅग रेसिंग करतो. कधी जिंकलो तर दोनतीनशे डॉलर मिळतात. आता मित्राचं रेस्टॉरंट आहे, तो म्हणतो सीझनचे हजार डॉलर देतो, ट्रेलरवर माझं नाव टाक. टाकू का? (एक वाचक, ह्यूस्टन)

बक्षीस आणि स्पॉन्सर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकत्र करू नका.

बक्षिसाबद्दल एफएमसीएसएने, म्हणजे ट्रकवाल्यांवर देखरेख करणाऱ्या केंद्राच्या खात्याने, स्वतःच एका प्रश्नाचं उत्तर देऊन ठेवलंय. प्रश्न अगदी आपलाच आहे, गाड्या, बोटी, घोडे घेऊन रेसला, शोला जाणाऱ्यांना ती सूट मिळते का, बक्षिसाचे पैसे असले तरी? उत्तर आहे मिळते, पण अटींवर. बक्षीस तुम्ही टॅक्समध्ये साधं उत्पन्न म्हणून दाखवलं पाहिजे, रेसिंगचा खर्च धंद्याचा खर्च म्हणून वजा करायचा नाही आणि कॉर्पोरेट स्पॉन्सरशिप नको. शेवटी हेही लिहिलंय की लायसन्सचं तुमच्या राज्याला विचारा.

म्हणजे तुमचे दोनतीनशे डॉलर अडचण नाहीत, ते टॅक्समध्ये दाखवा आणि मोकळे व्हा. हजार डॉलर मात्र अडचण आहेत. ते मित्राचे आहेत, प्रेमाने दिलेत, तुमचा सीझनचा खर्च दहा हजार आहे आणि हजाराने काही नफा होत नाही, हे सगळं मला मान्य आहे, मला स्वतःला हा नियम इतक्या छोट्या रकमेसाठी कडक वाटतो, पण धंद्याने पैसे दिले आणि बदल्यात तुम्ही त्याचं नाव गावोगाव फिरवलं, ही जाहिरातच झाली. अधिकारी ट्रेलरच्या बाजूला फोन नंबरसकट रेस्टॉरंटचं नाव बघणार आणि पहिला प्रश्न तोच विचारणार.

माझं स्पष्ट मत, दोन्ही डगरींवर पाय ठेवू नका. एकतर हजार डॉलर नको म्हणा, मित्राला सांगा ट्रॅकवर येऊन आमच्या पिटमध्ये सगळ्यांना जेवू घाल, नाहीतर घ्यायचेच असतील तर मग सरळ धंद्याच्या बाजूला जा, डीओटी नंबर काढा, मेडिकल कार्ड करा, इन्शुरन्स त्याप्रमाणे घ्या, २६,००१ च्या वर असाल तर सीडीएल. ते काही पाप नाही, बरेच जण करतात. पैसे घ्यायचे, टॅक्समध्ये खर्च वजा करायचा आणि रस्त्यावर मात्र "हौस आहे हो साहेब" म्हणायचं, हे ताकाला जाऊन भांडं लपवणं झालं आणि त्यात माणूस सापडतो.

प्रश्न: माझी छोटी आयटी कन्सल्टिंग कंपनी आहे. पिकअप एलएलसीच्या, म्हणजे त्या कंपनीच्या, नावावर घेतलाय (सीपीएने, म्हणजे टॅक्सच्या अकाउंटंटने, सांगितलं ६,००० पौंडाच्या वरच्या गाडीला टॅक्समध्ये फायदा मिळतो). त्याच ट्रकने वीकेंडला रेसकार नेतो. काही प्रॉब्लेम? (एक वाचक, नेपरव्हिल, इलिनॉय)

हो, आणि हा प्रॉब्लेम आपल्या लोकांत सगळ्यात जास्त आहे, कारण सीपीए टॅक्सचं बघतो, रस्त्याचं नाही.

थांबवल्यावर अधिकारी पहिली गोष्ट मागतो रजिस्ट्रेशन. त्यावर तुमचं नाव नाही, कंपनीचं आहे. सूट आहे "व्यक्ती"ला. तुम्ही कितीही खरं सांगितलंत की आज कंपनीचं काही काम नाही, तरी कागद उलट बोलतोय आणि रस्त्याच्या कडेला त्याच्यासमोर कागदच असतो. त्यात कोणी रेसिंगही कंपनीच्या खर्चात टाकलं असेल, मार्केटिंग म्हणून, तर मग विषयच संपला, तुम्हीच लिहून दिलंत की हे धंद्यासाठी आहे. शिवाय आयआरएसचं, म्हणजे केंद्राच्या टॅक्स खात्याचं, वेगळंच. पाचपैकी तीन वर्षं नफा दिसला तर ते धंदा आहे असं धरून चालतात, आणि क्लब रेसिंगमध्ये पाचपैकी एक वर्ष नफा झालेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

जमत असेल तर ट्रेलर ओढणारा ट्रक स्वतःच्या नावावर ठेवा. नसेल जमत तर सीपीए आणि मोटर कॅरियरचं काम बघणारा वकील, दोघांना एकाच कॉलवर घ्या. वेगवेगळं विचारलंत तर दोन वेगळी उत्तरं येतील आणि मधे तुम्ही.

आणि एक, ट्रेलरवर "नॉट फॉर हायर" चा स्टिकर लावून लोक निर्धास्त होतात. त्याचा अर्थ एवढाच की तुम्ही भाडं घेऊन दुसऱ्याचा माल नेत नाही. स्वतःच्या दुकानाचा माल स्वतःच्या ट्रकने नेणारा दुकानदारही भाड्याने नेत नाही, तरी तो नियमात येतोच. स्टिकर लावा, हरकत नाही, पण तो म्हणजे सूट मिळाल्याचं सर्टिफिकेट नव्हे.

प्रश्न: मित्राची गाडी पण माझ्या ट्रेलरमध्ये मावते. तो डिझेलचे पैसे देतो. चालेल ना? (एक वाचक, ऑस्टिन)

पैसे घेऊ नका. सूट स्वतःच्या मालमत्तेला आणि बिनपैशाच्या वाहतुकीला आहे, इथे गाडी दुसऱ्याची आणि वर पैसे, दोन्ही अटी डळमळीत. वाटखर्च आणि भाडं यातली रेघ तुम्ही ओढायची नसते, समोरचा ओढतो. त्यापेक्षा मित्राला म्हणा ट्रॅकवरचं जेवण तुझ्याकडे.

प्रश्न: हायवेवरचा ट्रकचा वजनकाटा लागला की माझ्या पोटात गोळा येतो. उघडा असला तर आत जायचं की नाही? हात दाखवून अवलक्षण नको म्हणून मी सरळ निघून जातो. (एक वाचक, कोलंबस, ओहायो)

तुमची भीती कळते, पण सरळ निघून जाणं हाच त्यातला वाईट पर्याय.

प्रत्येक राज्याची पाटी वेगळी असते आणि ती शब्दशः वाचायची. कुठे "कमर्शियल व्हेइकल्स" लिहिलेलं असतं, कुठे "ऑल ट्रक्स", कुठे सरळ वजनाचा आकडा. कमर्शियल लिहिलं असेल आणि तुम्ही खरोखर हौशी असाल तर ती पाटी तुमच्यासाठी नाही. वजनाचा आकडा किंवा सगळे ट्रक असं लिहिलं असेल आणि तुम्ही त्यात बसत असाल तर आत जा, धंदा असो नसो. बऱ्याचदा हळूहळू काट्यावरून जाता, हिरवा दिवा लागतो, बाहेर. दोनतीन मिनिटं. न थांबता गेलात आणि मागून पोलिसाने येऊन थांबवलं तर बोलणंच संशयाने सुरू होतं.

निघण्याआधी प्रवासातल्या सगळ्या राज्यांचा नियम त्या त्या राज्याच्या पोलिसांच्या किंवा ट्रान्सपोर्ट खात्याच्या साइटवर बघून घ्या, मी तर एक कागद करून सन व्हायजरला लावतो, ओहायो, पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क, प्रत्येकाची एक ओळ. आणि घराजवळच्या ट्रकस्टॉपवर कॅट स्केल असतो, सगळं भरून एकदा तिथे थोडे डॉलर देऊन वजन करा. पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल, ट्रेलर, तिन्हीचे आकडे वेगळे छापून मिळतात. आपलं वजन आपल्याला माहीत असलं की पोटातला गोळा निम्मा जातो, खरंच.

प्रश्न: भाऊ, मी पुण्याहून लिहितेय. मुलगा अमेरिकेत रेसिंग करतो, गेल्या महिन्यात त्याला पोलिसांनी थांबवलं, दीड तास गाडीखाली घुसून तपासलं आणि ट्रेलर तिथेच ठेवायला लावला. फोनवर नीट सांगत नाही. हा गुन्हा आहे का? व्हिसावर परिणाम होईल का? (एक आई, कोथरूड)

ताई, आधी काळजी सोडा. तुम्ही जे वर्णन केलंय ते तपासणीचं आहे, अटकेचं नाही. इथे ट्रक तपासणारे वेगळे प्रशिक्षण घेतलेले अधिकारी असतात, त्यांची तपासणी पातळ्यांची असते, पूर्ण तपासणीत ते खरंच गाडीखाली जातात, ब्रेक, टायर, दिवे, जोड, सगळं बघतात. काही धोकादायक सापडलं तर गाडी "आउट ऑफ सर्व्हिस" करतात, म्हणजे दुरुस्त होईपर्यंत जागची हलवायची नाही. बहुतेक वेळा यात दंड असतो नाहीतर नुसती दुरुस्तीची चिठ्ठी. व्हिसाबद्दल मात्र मी बोलणार नाही, हातात कुठला कागद दिलाय ते त्याने इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा दाखवावं म्हणजे तुमच्याही जिवाला शांतता.

तो नीट सांगत नाही कारण त्याला वाईट वाटलं असणार. मलाही वाटलं होतं. माझा किस्सा सांगतो, कारण मुलाच्या बाबतीत असंच काहीसं झालं असेल.

काही वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये सीझनच्या पहिल्या रेसला निघालो होतो, शेजारच्या एका राज्यात शिरल्यावर वीस मैलांत मागे दिवे लागले. अधिकारी शांत होता. लायसन्स, दोन्ही रजिस्ट्रेशन, इन्शुरन्स बघितलं, रेसची एंट्री आणि क्लबचं कार्ड दाखवलं, त्याने मान्य केलं की तू हौशी आहेस, मला वाटलं सुटलो. मग तो ट्रेलरच्या जिभेपाशी (ट्रकला जोडायच्या पुढच्या दांड्यापाशी) गेला आणि म्हणाला ती पिन ओढ. ट्रेलर ट्रकपासून तुटला तर आपोआप ब्रेक लागावेत म्हणून एक बारीक केबल असते, ती ताणली की पिन निघते, ट्रेलरवरची छोटी १२ व्होल्टची बॅटरी ब्रेकला करंट देते आणि चाकं आवळली जातात, केंद्राच्या नियमात हे ब्रेक निदान १५ मिनिटं लागून राहिले पाहिजेत असं आहे. मी पिन ओढली. म्हणाला आता ट्रक हळू पुढे घे. मी घेतला, आणि ट्रेलर मुकाट्याने मागून आला. चाकं फिरतच होती. हिवाळाभर ती बॅटरी मी चार्ज केली नव्हती, बटण दाबून दिवा बघायला अर्धं मिनिट लागतं ते बघितलं नव्हतं. त्याने मला काही बोललं नाही, फक्त मागे शाळेची बस येत होती तिच्याकडे बघितलं. ट्रेलर तिथेच राहिला, मित्र जाऊन ऑटो पार्ट्सच्या दुकानातून बॅटरी घेऊन आला, तीन तास गेले. दुसऱ्या दिवशी रेस केली पण डोक्यात दिवसभर ती बस होती.

तेव्हा मला पक्कं कळलं की कागदाची सूट वेगळी आणि ट्रेलर वेगळा. हौशी म्हणून लॉगबुक माफ होतं, ब्रेक माफ होत नाहीत. बहुतेक राज्यांत ३,००० पौंडाच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतातच, कॅलिफोर्नियात तर कॅम्पिंगच्या ट्रेलरला १,५०० पासून. दिवे, साखळ्या, रुंदी, वजन, हे सगळं राज्याच्या कायद्यात आहे आणि ते सगळ्यांना सारखं.

मुलाला एवढं सांगा. निघण्याआधी बॅटरी, दिवे, साखळ्या जिभेखाली एकमेकींवर फुली करून जोडलेल्या. गाडी आत बांधताना ट्रकवाल्यांच्या नियमात पुढे आणि मागे मिळून निदान दोन पट्टे सांगितलेत, पण आम्ही रेसवाले चार लावतो, चारी कोपऱ्यांत, आणि चारपाच मैल गेल्यावर थांबून पुन्हा आवळतो कारण गाडी सस्पेन्शनवर बसते आणि पट्टे सैल होतात. पट्ट्यावरच्या लेबलवर कामाचा भार लिहिलेला असतो, नेहमीच्या दोन इंची रॅचेट पट्ट्याला ३,३३३ पौंड, लेबल फाटलेलं असेल तर तो पट्टा टाकून द्यायचा. ट्रेलरच्या टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, "२३१७" म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही छान दिसू दे, इतका जुना टायर उन्हात उभा राहून आतून गेलेला असतो. आणि वजन पुढे, ट्रेलरच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के हिचवर (ट्रकच्या मागच्या जोडावर) आलं पाहिजे, गाडी मागे सरकवून लावली की ताशी साठ मैलांच्या वर ट्रेलर डुलायला लागतो आणि एकदा डुलायला लागला की ट्रकलाही ओढून नेतो.

पोलिसाने पुन्हा थांबवलं तर खिडकी खाली, हात स्टिअरिंगवर, विचारलं तेवढंच आणि खरं. "माझी गाडी आहे, हौस आहे, अमुक ट्रॅकला चाललोय." एफएमसीएसएचं ते उत्तर छापून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवावं, वाद घालायला नाही, अधिकाऱ्याला माहीत नसेल तर नम्रपणे दाखवायला. तरी त्याने चिठ्ठी फाडली तर घ्यावी, सही करावी आणि कोर्टात बोलावं. रस्त्याच्या कडेला कुणी जिंकत नाही.

प्रश्न: आम्ही बे एरियात, बटनविलो आणि लगुना सेका या ट्रॅकना जातो. कॅलिफोर्नियात वेगळं काही? (एक वाचक, फ्रीमाँट)

दोन गोष्टी. ट्रेलर मागे असला की कमाल वेग ताशी ५५ मैल, बाकी सगळे तुमच्या बाजूने ७५ ने जात असले तरी तुम्ही ५५, आणि चौपदरी रस्त्याला डावीकडच्या लेनचा मोह टाळा. आणि १०,००० च्या वरच्या पाटीचा ट्रेलर साध्या क्लास सी लायसन्सवर ओढता येत नाही, तिथे क्लास ए चा विषय सुरू होतो, त्यात पुन्हा कॅम्पिंगचा ट्रेलर आणि सामानाचा ट्रेलर यांना डीएमव्ही (तिथलं मोटर व्हेइकल ऑफिस) एकच समजत नाही. तुमचा रेस ट्रेलर कशात मोडतो ते डीएमव्हीकडून लेखी घ्या. शक्य असेल तर उघडा ट्रेलर वापरा, हलका पडतो आणि हा सगळा ताप वाचतो.

प्रश्न: टोरंटोहून मोस्पोर्टच्या ट्रॅकला जातो, कधी सीमा ओलांडून ग्लेनला. ओंटारियोत जी (साध्या गाडीच्या) लायसन्सवर किती चालतं? (एक वाचक, मिसिसागा)

जी वर ट्रेलर ४,६०० किलोपर्यंत आणि जोडी ११,००० किलोपर्यंत. ट्रेलर त्याच्या वर गेला तर क्लास ए. किलो आणि पौंड गोंधळू नका, ४,६०० किलो म्हणजे १०,१०० च्या थोडे वर पौंड. सीमेवर गाडीची मालकी आणि रेसची एंट्री हाताशी ठेवा, टायर आणि सुट्या भागांची यादीही, परत येताना तीच यादी दाखवता येते.

प्रश्न: काका, नवरा रेस करतो आणि परत येताना रविवारी रात्री अर्धमेला झालेला असतो. मला ट्रेलर चालवायला शिकायचंय म्हणजे निम्मं अंतर मी घेईन. तो म्हणतो रिव्हर्स तुला जमणार नाही. (एक वाचक, ट्रॉय, मिशिगन)

या वेळच्या सगळ्या पत्रांत मला सगळ्यात आवडलेलं पत्र हे. ट्रकवाल्याला कायद्याने ११ तासांच्या वर चालवता येत नाही आणि त्याआधी सलग १० तास विश्रांती घ्यावी लागते. आपल्याला तो नियम लागू नाही, म्हणून आपण दोन दिवस उन्हात रेस करून, रात्री नऊला ट्रेलर भरून, पहाटे तीनपर्यंत चालवतो आणि सोमवारी नऊला स्टँडअप मीटिंगला बसतो. मला यात पोलिसापेक्षा जास्त भीती वाटते.

आधी लायसन्सचं बघून घे, वरच्या पहिल्या उत्तरातली बेरीज तुमच्या दोन पाट्यांची कर, तुलाही तोच नियम. मग रविवारी सकाळी एखाद्या शाळेचं नाहीतर मॉलचं रिकामं पार्किंग गाठा. रिकामा ट्रेलर न्या. उजवा हात स्टिअरिंगच्या अगदी तळाला धर, घड्याळात सहा वाजतात तिथे. आता ट्रेलरचं मागचं टोक ज्या बाजूला जायला हवं त्या बाजूला हात सरकव, डावीकडे हवं तर हात डावीकडे, उजवीकडे हवं तर उजवीकडे. हात वर धरला की सगळं उलटं होतं आणि तिथेच लोकांचा धीर सुटतो. हात थोडाच सरकव, ट्रेलर वळायला लागला की लगेच परत सरळ कर, तो घडी घालायला लागला असं वाटलं की पुढे जा आणि पुन्हा सुरू कर, पुढे जाण्यात काही कमीपणा नाही. दोन ट्रॅफिक कोन ठेवा, त्यांच्यामध्ये ट्रेलर दहा वेळा घाल. नवऱ्याला सांग बाहेर उभा राहा, आरशात दिसशील अशा जागी, आणि फक्त एक शब्द बोलायचा, "थांब".

तीनचार रविवार लागतील. मे महिन्यात जिंजरमॅनच्या ट्रॅकला याल तेव्हा गेटमधून ट्रेलर तू आत आण, मी पॅडॉकमध्ये निळ्या तंबूपाशी असेन.